खाऱ्या टाकीचं गोडं पाणी

खाऱ्या पाण्याची टाकी म्हटलं की लोक आधी मिठाचं विचारतात. कुठलं मीठ, किती घालता, समुद्राचं पाणी मुंबईहून आणता का. खरं तर मीठ हा त्यातला सोपा भाग. लिटरला पस्तीस-चाळीस ग्रॅम, पाकिटावर लिहिलेलंच असतं. ढवळायचं, खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ दिसलं की झालं. माझं डोकं खाल्लं ते मीठ घालायच्या आधीच्या पाण्यानं. ते आणायचं कुठून?

टाकी आमच्या नाशिकमधल्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये आहे. तीन फुटी, दगड-वाळू वजा जाता साधारण १६० लिटर पाण्याची. हॅचरीत वाढवलेल्या क्लाऊन फिशची जोडी, क्लीनर श्रिम्प, म्हणजे कोळंबीचीच एक जात, आणि काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या टर्बो गोगलगाई, एवढंच ठरवलं होतं. प्रवाळ नाही. दगडी प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्या वाटेला जायचंच नव्हतं. मासे एक वेळ थोडंफार इकडचं तिकडे चालवून घेतात. श्रिम्प आणि गोगलगाई घेत नाहीत, आणि त्यांना सगळ्यात वाईट काय तर तांबं. गंमत म्हणजे श्रिम्पच्या रक्तात लोहाच्या जागी तांबंच असतं. पण बाहेरून पाण्यात विरघळून आलेलं तांबं म्हणजे विष.

"आपण पितो तेच घाल की. माणसाला चालतं ते माशाला चालत नाही होय?" सासूबाई म्हणाल्या. प्रश्न चुकीचा नव्हता. म्हणून मी पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, उघडून बसले. त्यात तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतलं आहे. आता दुसरी बाजू. खाऱ्या पाण्यातल्या माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला की औषध म्हणून तांबंच देतात. त्याची मात्रा लिटरला ०.१५ ते ०.२५ मिलिग्रॅमच्या घरात, आणि ते नेहमी वेगळ्या टाकीत देतात, कारण त्या मात्रेत श्रिम्प आणि गोगलगाई मरतात. म्हणजे सासूबाईंना अगदी कायदेशीर चालेल असं पाणी माझ्या श्रिम्पला सातआठ वेळा मारू शकतं.

"पण आपल्या पाण्यात कुठे एवढं तांबं असतं?" नवऱ्यानं विचारलं. नसेलही. पण इथे बाष्पीभवन मध्ये येतं. टाकीतून उडून जातं ते फक्त पाणी. मीठ आणि बाकी सगळं खालीच राहतं. नाशिकचा एप्रिल-मे कोरडा. टाकी गार ठेवायला वर पंखा लावला की दिवसाला तीन लिटर पाणी सहज उडतं. ते रोज गोड्या पाण्यानं भरून काढायचं. त्या पाण्यात जे किंचितसं असेल ते रोज येणार आणि जाणार कुठेच नाही. मी बँकेत आहे, मला हे रिकरिंग खात्यासारखं दिसलं आणि लगेच हिशोब मांडला. ०.०५ तांबं असलेलं, म्हणजे मानकाप्रमाणे उत्तम, पाणी रोज तीन लिटर घातलं तर दिवसाला ०.१५ मिलिग्रॅम, महिन्याला साडेचार. भागिले १६०. सहा महिन्यांत लिटरला ०.१७, म्हणजे औषधाची मात्रा. यातलं थोडं पाणी बदलताना निघून जातं, थोडं दगड-वाळूला चिकटतं, हे खरं. पण बदलीचं पाणीही त्याच नळाचं असेल तर काय साधलं? नायट्रेटचंही तसंच. मानकात ४५ पर्यंत परवानगी आहे. वरच्या भरण्यात नुसतं १० असलं तरी माझ्या टाकीत महिन्याला लिटरमागे साडेपाच मिलिग्रॅमची भर, माशांनी केलेली घाण वेगळी.

समुद्राचं पाणी आणण्याचा विषय इथेच संपला. मुंबईला जाणारे ओळखीचे कॅन भरून आणायला तयार होते, पण किनाऱ्याजवळचं पाणी पावसाळ्यात पातळ होतं, खाडीचं सांडपाणी त्यात असतंच, आणि हे सगळं सोसलं तरी रोजचं भरण्याचं पाणी गोडंच लागतं. प्रश्न जिथल्या तिथे.

मग मी एक टीडीएस मीटर, म्हणजे लिटरला किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते दाखवणारं यंत्र, घेतलं आणि घरातल्या एकूण एक पाण्यात बुडवत सुटले. महापालिकेचा नळ १३०. गंगापूर धरणाचं पाणी तसं सौम्यच. सोसायटीच्या बोअरचं ६८०. ऑफिसच्या एसीतून ठिबकणारं पाणी बाटलीत धरलं, ते निघालं १२! क्षणभर वाटलं, सापडलं. पण एसीचं कॉइल असतं तांब्याचं, त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे, वर वर्षाची धूळ आणि बुरशी. मीटर विद्युतवाहकता मोजून अंदाज देतं. क्षार किती ते सांगतं, कुठले ते नाही. शिवाय त्याची सगळ्यात छोटी पायरी १ ची. ०.०५ तांबं म्हणजे त्याचा विसावा भाग. ते मीटरला दिसणारच नाही. आकडा कमी म्हणजे पाणी चांगलं, हे तिथून पुढे मी धरून चालले नाही. पाणी कशातून आलंय, हे आधी विचारायचं ठरवलं.

त्या कसोटीवर पहिला बाद झाला तो आमचा स्वयंपाकघरातला आरओ. त्याचं पाणी ६२ दाखवायचं. १३० चं ६२? चांगलं मेम्ब्रेन ९५ टक्क्यांच्या वर क्षार अडवतं, पाच-सहा यायला हवं होतं. सर्व्हिसला आलेल्या मुलाला झाकण काढायला लावलं. आत एका नळीवर करंगळीएवढा पांढरा व्हॉल्व्ह होता, त्यावर स्क्रू.

"हा टीडीएस कंट्रोलर, मॅडम. आरओचं पाणी एकदम बेचव होतं ना, म्हणून थोडं साधं पाणी परत मिसळतो. बघा, हा स्क्रू फिरवला की कमी-जास्त."

"आणि हे काय?"

"हे कॉपर कार्ट्रिज. तब्येतीला चांगलं असतं. याचे जास्तीचे पैसे घेतो आम्ही."

म्हणजे मी जे टाळायला निघाले होते ते पाण्यात घालायचे मी ज्यादा पैसे भरत होते. पिण्यासाठी असू दे, माझी तक्रार नाही. पण हल्ली कितीतरी घरांत हे तांब्याचं कार्ट्रिज असतं, आणि 'आरओचं पाणी आहे ना मग झालं' म्हणून तेच टाकीत जातं. ज्यांच्याकडे कोळंबी वर्गातलं काही आहे त्यांनी एकदा झाकण काढून बघावं. तांब्याच्या हंड्यातलं पाणी तर विचारूच नका; भांडी बाजाराच्या गावात घरोघरी हंडा आहे, आमच्याही आहे.

वीस लिटरचे थंड पाण्याचे जार लवकर बाद झाले. आमच्याकडे येणाऱ्या जारचा आकडा एकदा ३८, पुढच्या खेपेला ९४. सीलबंद बाटलीवर निदान बऱ्याचदा बाटलीबंद पाण्याच्या मानकाचा, आयएस १४५४३ चा, शिक्का असतो, पण त्यातही चवीला खनिजं घातलेली असतात, आणि रोज बाटल्या फोडत बसणं म्हणजे पैशांची उधळपट्टी. पावसाचं पाणी चार महिने, तेही गच्चीवरच्या कबुतरांसकट. घरी ऊर्ध्वपातन करायचं यंत्र मिळतं. हिशोब केला तर लिटरमागे पाऊण युनिट वीज. नको.

बॅटरीच्या पाण्यावर मात्र माझा बराच जीव जडला होता. द्वारका चौकाच्या बाजूला बॅटऱ्यांची दुकानं आहेत. तिथे पाच लिटरचा कॅन 'डिस्टिल्ड वॉटर' म्हणून मिळतो. घरी आणून मोजलं, ३. खूश. आठवड्यानं तोच कॅन, तेच लेबल, आकडा ४१. दुकानात परत गेले. लेबल नीट वाचलं तर खाली बारीक अक्षरांत 'डीमिनरलाइज्ड' लिहिलेलं. म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केलेलं नाही, क्षार धरून ठेवणाऱ्या रेझिनच्या मण्यांमधून काढलेलं. त्यात गैर काही नाही, रेझिन ताजं असेल तर ते पाणी उत्तमच. पण ताजं आहे की संपलंय हे सांगणार कोण?

"काका, हे कुठे बनतं?"

"येतं गाडीवरून."

"कॅन नवा असतो का?"

त्यांनी माझ्याकडे, मग कॅनकडे पाहिलं. शेजारी त्याच आकाराचे, त्याच निळ्या झाकणाचे ॲसिडचे कॅन रचलेले होते. "धुऊनच भरत असतील ना, ताई. बॅटरी चालते, कुणाची तक्रार नाही."

बॅटरीची तक्रार नसणारच. बॅटरीत ॲसिडच असतं.

मामांचं पिंपळगाव बसवंतला द्राक्षाचं रान आहे. त्यांना कळलं तेव्हा त्यांना वाईटच वाटलं. "विकतचं पाणी कशाला? विहिरीचं ने. अमृत आहे." विहीर खरंच सुंदर, दगडी बांधणीची. मीटर ७०० च्या वर. पण मला आकड्यापेक्षा काठावरचा ड्रम जास्त दिसला, निळसर पांढऱ्या डागांनी भरलेला. फळासाठीच्या गोड्या छाटणीनंतर द्राक्षावरच्या डाऊनी रोगासाठी बोर्डो मिश्रण मारतात, त्याचा तो ड्रम. मोरचूद आणि चुना. मोरचूद म्हणजे तांब्याचंच मीठ. मामांना मी कसं सांगावं याचा विचार करत होते, पण तेच म्हणाले, "अगं, तुझ्या टाकीत गोगलगाई आहेत म्हणालीस ना? मग राहू दे बाई. मोरचूद म्हणजे गोगलगाईचं औषधच. आम्ही मुद्दाम मारतो त्यानं." आमच्या घरात या विषयावर मला पहिल्यांदा कुणीतरी काही न समजावता समजून घेतलं. पाण्याऐवजी द्राक्षं घेऊन आले.

अंबडच्या एका कारखान्यात नवऱ्याचा मित्र आहे. त्यांच्याकडे डीएम प्लँट, म्हणजे मोठ्या प्रमाणावर रेझिनमधून पाणी शुद्ध करणारा. त्यानं एक कॅन दिला, मीटरवर शून्य. पहिल्यांदाच शून्य पाहिलं. हा पर्याय मी खरंच गंभीरपणे घेतला होता. पण तिथलं रेझिन संपलं की ॲसिड आणि कॉस्टिकनं धुऊन पुन्हा वापरतात. धुणं कधी झालं, नंतरचं पाणी किती वेळ सोडून दिलं, हे शिफ्टवरच्या माणसाला माहीत, मला नाही. आणि रोज तीन लिटरसाठी गेटपास कोण देणार? मित्राला म्हटलं, अडीअडचणीला मागेन.

उरलं ते स्वतःचं यंत्र. समुद्री टाकीसाठी आरओ-डीआय, म्हणजे आरओपुढे रेझिन जोडलेले, तयार संच मिळतात, पण महाग, आणि त्यातला बहुतेक माल घरगुती आरओचाच असतो. म्हणून आरओच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून सुटं सामान घेतलं: पाच मायक्रॉनचा स्पन फिल्टर, त्यापुढे दोन कार्बन, बूस्टर पंप, ८० जीपीडीचं (दिवसाला ८० गॅलन) मेम्ब्रेन, आणि शेवटी पारदर्शक हौसिंगमध्ये रंग बदलणारं मिश्र रेझिन. दुकानदार शेवटपर्यंत विचारत होता, "टीडीएस कंट्रोलर नको? मिनरल? कॉपर तरी?" काही नको म्हटल्यावर त्यानं बिल करताना मान हलवली.

जोडणी सोसायटीच्या टाकीच्या लाइनला केली नाही. सकाळी महापालिकेचा थेट नळ येतो त्यालाच केली. टाकीत बोअर मिसळतं, उन्हाळ्यात टँकर येतो, आणि टाकी धुतली की ब्लीचिंग पावडर सढळ हातानं पडते. थेट नळाला काय येतंय ते मला माहीत असतं. इनलेटचा व्हॉल्व्ह पितळी मिळाला, तो चालला. त्यातून काही उतरलंच तर पुढे मेम्ब्रेन आणि रेझिन आहे. रेझिनच्या पुढे मात्र धातूचा एकही तुकडा नको. क्षार काढलेलं पाणी भुकेलं असतं, पितळ दिसलं की त्यातलं तांबं उचलतं. तिथे सगळं प्लॅस्टिक.

पहिलं काम क्लोरीनचं. क्लोरीन श्रिम्पला वाईट आणि मेम्ब्रेनलाही. ते मेम्ब्रेनच्या आधी कार्बननं काढावं लागतं, आणि टीडीएस मीटरला क्लोरीन कळत नाही. त्यासाठी महापालिकेचे लोक वापरतात ते ओटीचे (ऑर्थोटोलिडीनचे) थेंब आणले. दोन काचेच्या नळ्या, एकीत नळाचं पाणी, दुसरीत कार्बननंतरचं. थेंब टाकले. पहिलीत लिंबाच्या सालीसारखा पिवळा रंग चढला, दुसरी तशीच राहिली. आता महिन्यातून एकदा हेच करते. दुसरी नळी पिवळसर झाली की कार्बन बदलायचा, कॅलेंडर बघायची गरज नाही. पावसाळ्यात नळाची नळी जास्त गडद येते. धरणात गढूळ पाणी आलं की क्लोरीनही वाढवत असावेत. स्पन फिल्टर तर जुलै-ऑगस्टमध्ये चहाच्या गाळणीसारखा होतो, तो लवकर बदलते.

मग आकडे. नळ १३०, मेम्ब्रेननंतर ५, रेझिननंतर ०. पण यंत्र चालू केल्या केल्या मेम्ब्रेननंतर २८ दिसले आणि मी दुकानदाराला फोन लावणार होते. दोन-तीन मिनिटांत उतरत उतरत पाचवर आले. मेम्ब्रेन रात्रभर बंद असतं तेव्हा क्षार हळूहळू पलीकडे झिरपतात, सुरुवातीचं पाणी तसं येतंच. ते रेझिनमध्ये जाऊ दिलं तर रेझिन फुकट संपतं. म्हणून मध्ये एक टी, म्हणजे तीन तोंडांची जोडणी, बसवली आणि पहिले दोन लिटर बादलीत सोडते.

रेझिन हा या सगळ्यातला बघण्यासारखा भाग. नवं असताना निळसर काळं. संपत जातं तसं खालून सोनेरी तपकिरी होतं आणि ती रेघ वर वर चढत जाते. मीटरवर १ आलं की बदलू, असं बरेच जण करतात. मला ते पटत नाही. रेझिन संपायला आलं की ज्यांना त्यानं सैल धरलेलं असतं ते आधी सुटतात, आणि त्यात सिलिका पहिली. सिलिका मीटरला जवळपास दिसत नाही. आपल्याकडचं पाणी काळ्या पाषाणातून येतं, सिलिका असतेच. टाकीच्या काचेवर आणि वाळूवर तपकिरी साय धरते ती तिच्यावरच पोसलेली डायटम, एक सूक्ष्म शेवाळ. म्हणून रेघ तीन चतुर्थांशावर आली की मी रेझिन बदलते, मीटर शून्य म्हणत असलं तरी.

एकदा नमुना शहरातल्या खासगी प्रयोगशाळेत फक्त तांब्यासाठी दिला. पावतीवर 'प्रयोजन' असा रकाना होता, तिथल्या मुलीनं 'पिण्यासाठी' लिहिलं. मी 'मासे' म्हटल्यावर तिनं ते खोडून 'इतर' केलं. अहवाल आला, तांबं शोधमर्यादेच्या खाली. त्यानंतरच श्रिम्प आणले.

पाण्याची साठवण झाकणाच्या फूड ग्रेड ड्रममध्ये. कुणी हे पाणी पीएच पट्टीनं तपासलं तर साडेपाच-सहा दिसेल आणि घाबरायला होईल. शुद्ध पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं, आणि त्यात सावरून धरणारं काहीच नसतं, म्हणून तो आकडा तसा येतो. मीठ घातलं की जागेवर येतो. त्यात सोडा वगैरे टाकायच्या भानगडीत पडू नये.

सासूबाईंचा खरा आक्षेप वाया जाणाऱ्या पाण्याला होता, आणि तो मला मान्य आहे. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-साडेतीन लिटर रिजेक्ट निघतं. सुदैवानं नळच १३० चा असल्यामुळे रिजेक्टही १७० च्या आसपास असतं, समुद्र नव्हे. त्याच्या बादल्या फरशीला, झाडांना आणि धुण्याला जातात. बोअरवर हेच यंत्र चालवलं तर रिजेक्ट नऊशेच्या घरात जाईल आणि रेझिन पाच-सहापट वेगानं संपेल. बोअरच्या पाण्यातला विरघळलेला कार्बन डायऑक्साइड मेम्ब्रेन ओलांडून रेझिन खातो, ते वेगळंच. म्हणून मेमध्ये कपात सुरू व्हायची चिन्हं दिसली की मी तिन्ही ड्रम आधीच भरून ठेवते. टँकरच्या पाण्याला यंत्र जोडत नाही.

इमारतीत आता ही बातमी पसरली आहे. वरच्या मजल्यावरचे काका इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी माझ्याकडून पाणी नेतात, त्यांचं बघून समोरच्या वहिनीही न्यायला लागल्या. एकच अट घातली आहे: कॅन स्वतःचा आणायचा, आणि तो ॲसिडचा असला तर माझ्या ड्रमच्या नळाला लावायचा नाही.